तांबड्याच्या शेजारी

खाटेचे खूर तांबडे आहेत आणि खाटेवर पडलेल्या बाईचे कपडेही तांबडे. दुपार असावी. बाई झोपलेली नाही आणि तिला जागी म्हणावं तर तेही जड जातं. सगळं अंग सैल सोडून ती पडली आहे. शेजारी दुसरी बाई पंखा घेऊन बसली आहे. एवढंच चित्र. कुणी येत नाही, कुणी जात नाही. जेवणं उरकल्यावर आणि चहाचं आधण ठेवण्याआधी घराघरातल्या बायकांना मिळते ती घटकाभराची फट तेवढी इथे आहे.

दिल्लीत इंडिया गेटजवळच्या जयपूर हाउसमध्ये, राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात, या चित्रापुढे मी पाऊण तास उभी होते. अमृता शेरगिलनं १९४० साली हे तैलरंगात काढलं. ‘वूमन रेस्टिंग ऑन चारपॉय’ असं त्याचं इंग्रजी नाव. रुंदी तीन फुटांहूनही कमी. पुस्तकांत मी ते कितीदा पाहिलं होतं, पण छापील पानावरचा तांबडा टोमॅटोसारखा दिसतो. इथला तांबडा भट्टीतून नुकत्याच काढलेल्या विटेसारखा होता, आतून ऊब असलेला. शाळेची एक सहल मागून गेली. एक मुलगी थांबली, बघून म्हणाली, “मॅम, इसमें तो कुछ हो ही नहीं रहा,” आणि तरी जागची हलली नाही. बाईंना तिला दोनदा हाक मारावी लागली.

‘रोजचं’ हा या अंकाचा विषय संपादकांनी कळवला, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आधी ही खाट आली. रोजच्या गोष्टी सुंदर असतात असं आपण सहज म्हणून जातो. पण चित्रकार त्या सुंदर करतो म्हणजे हातानं नेमकं काय करतो? भडक रंगाची नळी पिळली की रोजचं उजळतं का? तसं असतं तर प्रत्येक कॅलेंडरनं आपल्याला जागच्या जागी उभं केलं असतं. म्हणून मी दिल्लीहून पुण्याला आले, एका चित्रकार ताईंच्या स्टुडिओत महिनाभर जाऊन बसले, आणि मधेच हळद बघायला सांगलीला गेले. हळदीचा संबंध पुढे येईल.

राखाडी उजेडातून

अमृताचा जन्म १९१३चा, बुडापेस्टचा. वडील उमरावसिंग शेरगिल मजिठिया संस्कृतचे जाणकार आणि फोटोग्राफीत रमणारे सरदार, आई मारी आंत्वानेत हंगेरियन गायिका. आठव्या वर्षी मुलगी सिमल्याला आली आणि सोळाव्या वर्षी पॅरिसला गेली. तिथल्या एकोल दे बोझारमध्ये ल्युसियँ सिमोंच्या हाताखाली तिनं तैलरंग पक्का केला. ‘यंग गर्ल्स’ हे तिचं १९३२चं चित्र गाजलं आणि पुढच्याच वर्षी ती तिथल्या ग्राँ सालोंची असोसिएट झाली. तिच्या रंगांची श्रीमंती बघता पश्चिमेतले राखाडी स्टुडिओ तिचे नव्हेत, असं एक शिक्षक म्हणत, ही आठवण तिनं पुढे स्वतःच लिहून ठेवली आहे. १९३४ संपता संपता ती भारतात परतली.

इथे आपण पटकन समजून चालतो की ती उन्हाच्या देशात आली आणि रंग उमलले. चित्रं मात्र वेगळंच सांगतात. ‘मदर इंडिया’, ‘हिल मेन’, ‘हिल विमेन’ ही सगळी १९३५ची. त्यांत मातकट, उदास, दबलेले रंग आहेत. लांब चेहऱ्यांची, थकलेल्या डोळ्यांची माणसं आहेत. झगमग नाही.

याचं एक कारण तिच्या मनात असेल, पण दुसरं उन्हातच आहे आणि ते कुठलाही चित्रकार सांगतो. आपलं माथ्यावरचं ऊन रंग उजळवत नाही, ते रंग खातं. वैशाखातल्या दुपारी दोरीवर वाळणारं लाल लुगडं पाहा. लाल आहे हे कळतं, पण डोळ्यांना दिसतं ते पांढुरकं. तेच लुगडं संध्याकाळी घडी घालून माजघरातल्या खुंटीवर टाकलं की भरून येतं. आपल्याकडे रंग सावलीत पिकतो. ओसरीवर, देवघरात, दुकानाच्या फळीमागे. शेरगिलनं हे ओळखलं. तिच्या उत्तरकाळातल्या चित्रांत ऊन फार थोडं आहे, सावलीतला रंग मात्र पुष्कळ.

तिला हे कळायला महाराष्ट्रातली वाट उपयोगी पडली, असं मला वाटतं. १९३६च्या नोव्हेंबरात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात तिच्या चित्रांचं प्रदर्शन झालं. तिथे कार्ल खंडालावालांशी गाठ पडली. आपल्याला हे नाव नानावटी खटल्यातल्या बचावपक्षाचे वकील म्हणून आठवतं, पण चित्रांची जाण हा त्यांचा खरा ध्यास होता. बसोहलीच्या आणि मोगल लघुचित्रांकडे तिचं लक्ष वळलं त्यात त्यांचा वाटा मोठा, आणि तिच्यावरचं त्यांचं पुस्तक १९४४ साली मुंबईत निघालं. बॉम्बे आर्ट सोसायटीनं १९३७मध्ये तिच्या ‘ग्रूप ऑफ थ्री गर्ल्स’ला सुवर्णपदक दिलं. आणि मुंबईहून निघून ती वेरूळ-अजिंठ्याला गेली.

अंधारातली माती

अजिंठ्याला मी शाळेच्या सहलीत पहिल्यांदा गेले, तेव्हा बाहेर एक माणूस आरसा धरून उन्हाचा कवडसा लेण्यात सोडत होता आणि आत दुसरा पांढरा कागद धरून तो कवडसा भिंतीवर फिरवत होता. कवडसा सरकला की अंधारातून एक गाल उजळायचा, मग एक कंगन, मग केळीचं पान. आता मंद दिवे आहेत आणि माणसांची रांग पुढे ढकलत असते. तरीही सतराव्या लेण्यात शिरल्यावर डोळे सरावायला मिनिटभर लागतंच. त्या मिनिटात आधी दिसतो तो गेरू, मग पिवळी माती, आणि मग उशिरा, दबकत, हिरवा.

इथले रंग मोजके आहेत. गेरूचा तांबडा, पिवळ्या मातीचा पिवळा, एका हिरव्या मातीचा हिरवा, काजळीचा काळा, चुना आणि पांढऱ्या मातीचा पांढरा. एवढ्यांत निळा तेवढा लांबून आलेला, लाजवर्दी दगडाचा. खाली भाताचं तूस आणि झाडपाल्याचे धागे कालवलेला मातीचा गिलावा. म्हणजे जवळजवळ सगळा डबा पायाखालचाच. त्यात खरोखर झगझगीत म्हणावा असा एकही रंग नाही. तरी भिंत जिवंत आहे, कारण गेरूच्या शेजारी हिरवी माती आहे आणि सावळ्या अंगामागे पिवळी.

१९३७मध्ये दक्षिणेची वारी करून आल्यावर शेरगिलनं जी तीन मोठी चित्रं काढली, त्यांतलं ‘ब्रह्मचारी’ मी दिल्लीत पाहिलं. पाच मुलगे, उघडी अंगं, पांढरी धोतरं, मागे गडद तांबूस पट. लोक या चित्राला शांत म्हणतात. मी धोतरांपाशी अडकले. पाच धोतरं पाच तऱ्हांची पांढरी आहेत. एकात पिवळसर झाक, एकात करडी, एक धुवून धुवून निळसर झालेलं. आपल्या घरातल्या दोरीवर हे रोज असतं. दोन पांढरे शर्ट शेजारी वाळत घातले की त्यातला जुना कोणता हे आई लांबूनच सांगते. तिला ते दिसतं, कारण दोन्ही शेजारी आहेत.

मंडईतली वही

पुण्यातल्या या ताई पंचावन्नच्या आसपास. त्यांनी नाव छापू नको म्हणून सांगितलं आणि मी ते मानलं. आठवड्यातून दोनदा सकाळी सातला त्या महात्मा फुले मंडईत जातात. १८८६ साली उभ्या राहिलेल्या त्या दगडी इमारतीत उंचावरून येणारा उजेड गाळून आल्यासारखा खाली उतरतो. रंगपेटी बरोबर नसते. पोस्टकार्डाएवढी वही आणि पेन्सिल, बस्स.

मी खांद्यावरून वहीत डोकावले. मिरच्या, लिंबं आणि कोथिंबीर घेऊन बसणाऱ्या एका मावशींचं रेखाटन होतं, चार-पाच रेषांत. बाकी सगळे शब्द. लुगड्यापाशी लिहिलं होतं, ‘आमसुली, गुडघ्यावर विटलेला’. मिरच्यांपाशी, ‘पोपटी नाही, त्याहून काळा’. गोणपाटापाशी, ‘हा महत्त्वाचा’.

“गोणपाट का महत्त्वाचं?” मी विचारलं.

“दुपारी ये, दाखवते.”

मराठीतली रंगांची नावं तेव्हा मला नव्यानं दिसली. अबोली, डाळिंबी, केतकी, मोरपंखी, शेवाळी, वांगी, लिंबू, मोतिया, विटकरी, आमसुली. एकेक नाव स्वयंपाकघरातून, परसातून, रानातून उचललेलं. साडीच्या दुकानात गादीवर बसलेला माणूस “ताई, अबोलीत दाखवू का?” म्हणतो, तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे गजरा असतो. स्टुडिओतल्या नळ्यांवर मात्र धातूंची आणि गावांची नावं. कॅडमियम रेड, कोबाल्ट ब्ल्यू, बर्न्ट सिएना. ताई नळीवरचं वाचतात इंग्रजीत आणि वहीत लिहितात मराठीत. दोन्हींच्या मधे त्यांचा पॅलेट असतो.

शेजारधर्म

स्टुडिओ म्हणजे जुन्या वाड्यातली माडीवरची खोली. उत्तरेकडे खिडकी आहे, त्यामुळे थेट ऊन येत नाही. टर्पेंटाइन आणि जवसाच्या तेलाचा वास जिन्यातच भेटतो. चौकटीवर ताणलेला कॅनव्हास पांढरा नव्हता. ताईंनी तो आधीच पातळ, राखाडी-मातकट रंगानं पुसून घेतला होता. पांढऱ्यावर काम सुरू केलं की प्रत्येक रंग गडद भासतो, हात घाबरतो आणि सगळंच फिकं होतं, असं त्यांचं म्हणणं.

सुरुवातीचे थर टर्पेंटाइननं पातळ केलेले असतात आणि वरचे थर तेलकट. हा क्रम उलटा करून चालत नाही. जवसाचं तेल पाण्यासारखं उडून जात नाही. ते हवेतला प्राणवायू घेतं आणि हळूहळू घट्ट होतं. तेल जास्त असलेला थर सावकाश वाळतो. तो खाली आणि भराभर वाळणारा थर वर असा प्रकार झाला, तर खालचा हलत राहतो आणि वरच्याला चिरा पडतात. पाटाच्या मातीवर पडतात तशाच. ताईंनी विशीत काढलेलं असं एक भेगाळलेलं चित्र मुद्दाम भिंतीवर ठेवलं आहे. शिकायला येणाऱ्या मुलांना त्या आधी तेच दाखवतात.

मग त्यांनी मला गोणपाटाचं उत्तर दिलं. एका पुठ्ठ्यावर चाकूनं कॅडमियम रेडचे दोन सारखे ठिपके लावले, एकाच नळीतून, रुपयाएवढे. एकाभोवती नारिंगी भरला आणि दुसऱ्याभोवती हिरवट झाक असलेला करडा. मला दोन पावलं मागे जायला सांगितलं.

नारिंगीतला तांबडा विझला होता, तपकिरीकडे झुकल्यासारखा. करड्यातला जळत होता. रंग तोच आहे हे माहीत असूनही डोळा ऐकेना. मी पुढे जाऊन दोन्ही ठिपक्यांना बोट लावलं, तेव्हाच माझी खात्री पटली.

“आता गोणपाट बघ,” त्या म्हणाल्या. चित्रात मिरच्यांच्या ढिगाखाली गोणपाट होतं, शेणाचा हात फिरवलेल्या जमिनीच्या रंगाचं. त्यावर तीन-चारच तांबड्या मिरच्या, बाकी हिरव्या. त्या तीन-चार मिरच्यांनी सगळा कॅनव्हास धरून ठेवला होता. “लोक म्हणतात, तुमची चित्रं किती रंगीत! माझ्या चित्रात दहातला आठ भाग मातीच असते. आपण सणाला नेसतो ती साडी उठून दिसते, कारण इतर दिवस आहेत.”

हे गणित पॅरिसमध्येच एका रसायनशास्त्रज्ञानं मांडलं होतं. मिशेल-यूजेन शेव्ह्रल हा गोब्लँच्या गालिचा कारखान्यात रंगाईचा प्रमुख होता. काळा रंग फिका येतो अशी विणकरांची तक्रार आली. त्यानं सूत तपासलं तर काळ्यात खोट नव्हती, खोट शेजारच्या धाग्यात होती. १८३९ साली त्यानं त्यावर जाडजूड ग्रंथ लिहिला, आणि पुढच्या पिढ्यांच्या चित्रकारांनी त्याचा उपयोग केला. येवल्या-पैठणच्या विणकराला मात्र हे ग्रंथाविना ठाऊक आहे. ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्याचा, आणि पदर हलला की तिसराच रंग चमकून जातो.

जयपूर हाउसमधली खाट मला त्या दुपारी, त्या माडीवर, पहिल्यांदा नीट दिसली. बाईचा तांबडा माझ्या ध्यानात राहिला होता, पण तो पेटता ठेवणारे भोवतीचे मंद, दबलेले रंग मी पाहिलेच नव्हते. शेरगिलनं रोजच्या दुपारला रंग फासला नाही. त्या दुपारीतलं कंटाळवाणं, मळकं जे काही असतं ते तिनं आहे तसं राहू दिलं आणि त्याच्या शेजारी तांबडा ठेवला.

चित्र रंगवताना ताई गप्प असतात. दर दहा-बारा फटकाऱ्यांनी मागे सरतात, डोळे किलकिले करतात. डोळे अर्धवट मिटले की बारकावे पुसट होतात आणि उजेड-अंधाराची बेरीज तेवढी उरते. ती चुकली असेल तर कुठलाही रंग तिला वाचवू शकत नाही. मावशींच्या आमसुली लुगड्यासाठी त्यांनी नळीतला जांभळा घेतलाच नाही. निळ्यात तांबडा, त्यात किंचित पिवळी माती, मग पुन्हा निळा. गुडघ्यावरची विटलेली जागा यायला पाच दिवस गेले. तेवढ्या हातभर जागेसाठी त्या दोनदा मंडईत जाऊन आल्या. दुसऱ्यांदा मावशी हिरवं नेसून आल्या होत्या, तर ताई नुसत्या लिंबं घेऊन परतल्या.

हळकुंडाचा गाभा

शेरगिलचं १९४०चंच एक चित्र आहे, ‘हळदी ग्राइंडर्स’. झाडांच्या खोडांमध्ये हळद दळत बसलेल्या बायका. चेहऱ्यांचा तपशील फारसा नाही, कपड्यांचे सपाट, ठाम तुकडे आहेत. काम चालू आहे, कुणी आपल्याकडे बघत नाही. या चित्रापायी मी मार्चमध्ये सांगलीला गेले.

मार्केट यार्डात हळदीचा हंगाम भरात होता. हवा पिवळी होती असं लिहिलं तर अतिशयोक्ती वाटेल, पण हमालांच्या भुवया, तराजूच्या साखळ्या, चहाच्या गाड्यावरचं फडकं, सगळ्यांवर तो थर होता. गंमत अशी की पोत्यातली हळकुंडं फारशी पिवळी नसतात. वरून ती मातकटच. व्यापारी हळकुंड उचलतो, कट्‌कन मोडतो आणि गाभा बघतो. खरा रंग तिथे असतो, केशरीकडे झुकलेला, ओलसर वाटणारा. भाव त्या मोडलेल्या तोंडावर ठरतो.

कृष्णेकाठच्या एका शेतकऱ्यानं मला शेतावर नेलं. “कच्ची हळद तशीच वाळवली तर रंग आतल्या आत एकसारखा बसत न्हाई बघा. उकडावीच लागती.” पूर्वी मोठ्या काहिलीत उकडत, आता बहुतेकांकडे वाफेचा कुकर आहे. मग दहा-पंधरा दिवस उन्हात वाळवण, मग ढोलात घालून पॉलिश. हरिपूरला जमिनीत वीस-पंचवीस फूट खोल पेवं होती. त्यांत हळद वर्षानुवर्षं टिकायची, कीड लागायची नाही, कारण आत हवाच उरत नसे. २००५च्या महापुरानं त्यांतली बहुतेक बुजली. सांगलीच्या हळदीला २०१८मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण पेवाचा विषय निघाला की म्हातारी माणसं अजून पुराबद्दलच बोलतात.

हळद या मातीतला सगळ्यांत रोजचा रंग. फोडणीत, जखमेवर, नवरीच्या अंगावर, जेजुरीच्या पायऱ्यांवर उधळलेला. आणि कुंकूही तिच्यातूनच येतं. हळदीला क्षार लागला की ती लाल होते. सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यात केम नावाचं गाव कुंकवासाठी प्रसिद्ध आहे. ज्यानं कधी हळदीचा डाग साबणानं धुतला आहे त्यानं ही किमया मोरीतच पाहिलेली असते. डाग पिवळा असतो, साबण लागताच तांबडा होतो, लिंबू पिळलं की परत पिवळा.

मी शेतकऱ्याला चित्राचा फोटो फोनवर दाखवला. त्यानं तो मोठा करून पाहिला, बायकोला हाक मारून दाखवला. तिनं आधी रंगांबद्दल काहीच म्हटलं नाही. “बसायची पद्धत बरोबर हाय,” ती म्हणाली. “एवढा येळ बसलं की पाय असाच घ्यावा लागतो.”

मालकिणीची नजर

एक प्रश्न टाळून पुढे जाता येणार नाही. १९३८मध्ये हंगेरीत डॉ. व्हिक्टर एगनशी लग्न करून शेरगिल परतली, ती गोरखपूरजवळ सरायाला, काकांच्या साखर कारखान्याच्या इस्टेटीत. तिनं रंगवलेल्या बायका तिच्या भोवतीच्या, वाड्यातल्या आणि वाड्याबाहेरच्या. स्वतः ती मालकांच्या घरातली. हळद दळणारीच्या खांद्यात काय दुखतं हे तिला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. मग ही रोजची शोभा कुणाची, दळणारीची की बघणारीची?

मी यावर बरेच दिवस विचार केला आणि चित्रांकडे परत गेले. कष्टाला गोड करणारी रंगीत चित्रं आपण पुष्कळ पाहिली आहेत. डोक्यावर घागर, गालावर खळी, मागे सूर्यास्त. त्यांतली बाई नेहमी आपल्याकडे बघून हसते. शेरगिलच्या बायका हसत नाहीत आणि आपल्याकडे बघतही नाहीत. खाटेवरची बाई आरामात आहे असं मला शेवटपर्यंत वाटलं नाही. ती थांबली आहे, कशाची तरी वाट बघण्याचंही आता थांबलं आहे. तांबड्या खुरांच्या चौकटीत ती कोंडल्यासारखी आहे. तो रंग इतका सुंदर आहे म्हणून ती कोंडी जास्त टोचते. आणि सांगलीतल्या बाईनं पाय ओळखला, ही साक्ष मी कुठल्याही समीक्षकाच्या मतापेक्षा मोठी मानते.

आज तिची चित्रं राष्ट्रीय ठेवा म्हणून देशाबाहेर नेता येत नाहीत. २०२३च्या सप्टेंबरात ‘द स्टोरी टेलर’ या १९३७च्या चित्राला लिलावात ६१.८ कोटी रुपये मिळाले, तेव्हा वर्तमानपत्रांनी आकडा मोठ्या अक्षरांत छापला. त्या चित्रातही अंगणात बसलेली घरातली माणसं आहेत, एवढंच.

१९४१मध्ये ती लाहोरला राहायला गेली. प्रदर्शन तोंडावर आलं होतं. ५ डिसेंबरला, अठ्ठाविसाव्या वर्षी, अचानक आजारानं ती गेली. चित्रफळीवर अर्धवट चित्र होतं. त्यात घराच्या गच्चीवरून खाली दिसणाऱ्या इमारती होत्या आणि म्हशी होत्या. लाहोरमध्ये तिला दुसरं काय काय दिसत असेल. पण शेवटचा कॅनव्हास तिनं म्हशींना दिला.

खिडकीतली पट्टी

सांगलीहून येताना मी ताईंसाठी पाव किलो हळद आणली होती, रंग म्हणून. त्यांनी चमचाभर हळद काचेवर घेतली, जवसाचं तेल घातलं आणि काचेच्या मुसळीनं घोटायला लागल्या. आधी खरखर आवाज येत होता, मग तो बुजत गेला. पंधरा मिनिटांनी काचेवर एक खोल, केशरी-पिवळा, पारदर्शक रंग चमकायला लागला. मला वाटलं, कुठल्याच नळीत असा पिवळा नसेल.

“अर्ध्या हळकुंडानं पिवळी होऊ नकोस,” ताई म्हणाल्या. त्यांनी कॅनव्हासच्या वीतभर पट्टीवर तो रंग सारखा लावला. वाळल्यावर पट्टीच्या अर्ध्या भागावर काळा कागद गुंडाळला, वर दोरा बांधला, आणि ऊन येतं त्या जिन्यातल्या खिडकीत पट्टी ठेवून दिली. मागे पेन्सिलीनं तारीख लिहिली.

एप्रिल गेला, मे गेला. मंडईतल्या मावशींचं चित्र पुरं झालं. गुडघ्यावरचा आमसुली शेवटच्या दिवशी परत एकदा खरवडला गेला आणि नव्यानं आला. मावशींना फोटो दाखवला तर त्यांनी विचारलं, “माझी लिंबं एवढीच का काढली?” ताईंना ते पटलं. त्यांनी आणखी दोन लिंबं घातली, एक गोणपाटावर आणि एक पार कडेला, घरंगळलेलं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, आभाळ भरून आलेलं असताना, आम्ही पट्टी आत आणली. उघडा राहिलेला भाग जुन्या सुती पंच्यासारखा झाला होता, पिवळा होता हे सांगावं लागलं असतं. ताईंनी दोरा सोडला आणि कागद काढला. खालचा अर्धा भाग मार्चमधल्यासारखाच होता, काचेवर पाहिला तसा. मधली रेघ सुरीनं कापल्यासारखी सरळ.

त्यांनी कॅडमियम यलोची नळी उघडली, चाकूच्या टोकावर थोडा रंग घेतला आणि पट्टीच्या झाकलेल्या भागाशेजारी धरला. मग त्यात कणभर तांबडा मिसळला. पुन्हा धरला. हिरव्याचा नुसता स्पर्श दिला, पुसला, पुन्हा धरला. बाहेर पाऊस सुरू झाला तशी खोली काळवंडली. दिवा लावू का म्हणून मी उठले.

“नको,” त्या म्हणाल्या. “आत्ताच दिसायला लागलाय.”